२१४७४८३६४७ ही मूळ संख्या निघाली, हा योगायोग समजावा का?

कलमवाला (देवगड)

सर्वांना नमस्कार. मी आंबा बागायतदार आहे, गणिताचा माणूस नव्हे. त्यामुळे प्रश्नात काही ढोबळ चूक असल्यास सांभाळून घ्यावे.

आमच्या हापूसच्या पेट्या दरवर्षी थेट गिऱ्हाइकांच्या घरी जातात. त्यांची नावे, पत्ते आणि फोन नंबर इतकी वर्षे एका जाड वहीत लिहिलेले असत. यंदा ओळखीतल्या एका मुलाकडून संगणकावर यादी ठेवण्याची सोय करून घेतली आणि शिमगा आटोपल्यावर दोन रात्री जागून मी व माझ्या मुलीने वहीतली सगळी नावे त्यात भरली. पहिल्या पेट्या पाठवायच्या दिवशी यादी उघडली, तर जवळपास प्रत्येकाच्या नावापुढे एकच नंबर होता: २१४७४८३६४७. मोबाईल कोणत्याही कंपनीचा असो, नंबर हाच. मुंबईच्या काही जुन्या गिऱ्हाइकांनी घरचा लँडलाईन दिला होता, तोही याच नंबरात बुडाला. पुण्याच्या तिघांचे लँडलाईन मात्र बचावले होते, फक्त त्यांच्या सुरुवातीचे शून्य गळून गेले होते. वही रद्दीत दिली नव्हती म्हणून हंगाम निभावला.

यादी दुरुस्त झाली, पण नंबर डोक्यातून जाईना. मुलगी बारावीला आहे. तिने सांगितले की ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. माझा विश्वास बसला नाही. दुकानातला बारा आकडी कॅल्क्युलेटर घेऊन मी ३, ७, ११, १३ असे करत ९७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहिले. कुठेही पूर्ण भाग गेला नाही. पुढे किती जावे लागेल याचा अंदाज येईना, तेव्हा थांबलो. मुलगी म्हणते की ऑयलर नावाच्या गणितज्ञाने हे १७७२ मध्येच सिद्ध केले होते. त्या काळी कॅल्क्युलेटर नव्हता, मग हे त्याने केले कसे?

दुसरी शंका अशी की, संगणक बनवणाऱ्यांनी ही संख्या मूळ आहे म्हणून मुद्दाम निवडली, की ती तशी निघाली हा निव्वळ योगायोग? दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, ही काही सहज सुचणारी संख्या दिसत नाही.

निवृत्त बाई (दापोली)

आपण ९७ पर्यंत भागून पाहिलेत हे वाचून बरे वाटले. तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, पण उत्तर सांगितल्यानंतरही स्वतः पडताळून पाहणारे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. आपल्या पहिल्या प्रश्नापुरते मी लिहिते. संगणकाविषयी जाणकारांनी सांगावे.

आपली संख्या २^३१ − १ आहे. (^ ही खूण मी घातासाठी वापरते आहे, २ ला ३१ वेळा मांडून गुणले आणि त्यातून १ वजा केला.) पहिली सवलत शाळेतलीच आहे. एखाद्या संख्येचे दोन अवयव पडत असतील, तर त्यांतला एक तरी तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतो. या संख्येचे वर्गमूळ ४६३४० आणि थोडे वर आहे, म्हणून ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की काम संपते. परंतु अशा मूळ संख्यासुद्धा जवळपास ४८०० आहेत, आणि दहा आकडी संख्येला ४८०० वेळा हाताने भागणे म्हणजे एखाद्याने सबंध पावसाळा त्यावर घालवावा असे काम आहे.

ऑयलरने हे भागाकार केलेच नाहीत. कोणत्या संख्यांनी भाग जाणे मुळातच शक्य नाही, हे त्याने आधी ठरवले.

समजा, एखादी मूळ संख्या ‘भ’ ही २^३१ − १ ला निःशेष भागते. म्हणजे २^३१ ला भ ने भागल्यास बाकी १ उरते. आता २, ४, ८, १६ असे दुप्पट करत जावे आणि प्रत्येक वेळी भ ने भागून फक्त बाकी लिहावी. या बाक्या चक्राकार फिरतात. कधीतरी १ येतो आणि पुन्हा पहिल्यापासून तोच क्रम सुरू होतो. हे चक्र जितक्या पायऱ्यांचे असेल, त्याच्या पटीतल्या घातांनाच बाकी १ येते. आपल्याकडे ३१ व्या घाताला १ आला आहे, म्हणून चक्राच्या लांबीने ३१ ला भाग गेला पाहिजे. ३१ स्वतः मूळ संख्या असल्यामुळे चक्र ३१ पायऱ्यांचेच असणार. एका पायरीचे असू शकत नाही, कारण मग २ ला भ ने भागून बाकी १ यावी लागेल. दुसरीकडे फर्माचे छोटे प्रमेय सांगते की (भ − १) व्या घातालाही बाकी १ च येते. तेव्हा भ − १ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. भ विषम आहे, म्हणून भ − १ सम आहे, आणि म्हणून त्याला ६२ ने भाग जातो.

अर्थात आपण ज्यांनी भागून पाहिलेत त्या ३ पासून ९७ पर्यंतच्या मूळ संख्यांपैकी एकाही संख्येने भाग जाणे शक्य नव्हते, कारण त्यांतली एकही ६२ च्या पटीपेक्षा १ ने मोठी नाही. हे आपले श्रम वाया गेले असे सांगण्यासाठी लिहीत नाही.

दुसरी चाळणी मला अधिक देखणी वाटते. २^३१ ला भ ने भागून बाकी १ येते, म्हणून २^३२ ला भागून बाकी २ येईल. परंतु २^३२ हा ६५५३६ चा वर्ग आहे. म्हणजे भ ने भागल्यावर २ ही बाकी देणारा एक पूर्ण वर्ग अस्तित्वात आहे. हा गुण सर्व मूळ संख्यांच्या ठिकाणी नसतो. ज्या विषम मूळ संख्यांना ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ येते, त्यांच्याच ठिकाणी असतो. ३ ने किंवा ५ ने भागून २ बाकी देणारा वर्ग कितीही शोधला तरी मिळणार नाही, ७ साठी मात्र ३ चा वर्ग ९ लगेच मिळतो.

दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच उरतात: ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५ अशा. ४६३४० पर्यंत त्या एकूण ३७३ भरतात आणि त्यांतल्याही फक्त मूळ संख्या पाहायच्या, कारण संयुक्त संख्येने भाग जात असता तर तिच्या एखाद्या अवयवाने आधीच गेला असता. ६३ म्हणजे ७ गुणिले ९, २४९ म्हणजे ३ गुणिले ८३, दोन्ही बाद. ३११ ही पहिली खरी उमेदवार. अशा साऱ्या मिळून ऐंशीच्या आसपास उरतात. ४८०० वरून ऐंशीवर!

३११ चा निकाल लांब भागाकार न करताही लावता येतो. २^८ म्हणजे २५६, तो ३११ पेक्षा ५५ ने कमी, म्हणून बाकी ‘उणे ५५’ धरू. तिचा वर्ग ३०२५. त्यातून ३११ ची नऊपट, म्हणजे २७९९, काढल्यास २२६ उरतात, म्हणजेच ‘उणे ८५’. ही २^१६ ची बाकी झाली. उणे ५५ आणि उणे ८५ यांचा गुणाकार ४६७५. त्यातून ३११ ची पंधरापट काढल्यास १० उरतात, ही २^२४ ची बाकी. आता २^७ म्हणजे १२८ ने गुणले की १२८०, आणि त्यातून १२४४ काढल्यास ३६. तेव्हा २^३१ ची बाकी ३६ आणि आपल्या संख्येची ३५. भाग जात नाही. मी हे आत्ता वाण्याच्या बिलाच्या पाठीमागे करून पाहिले. पाच ओळी लागल्या.

ऑयलर त्या वेळी सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती. हा निष्कर्ष त्याने बर्नोली घराण्यातल्या योहान यांना पत्राने कळवला. त्यानंतर कित्येक दशके याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने तर या संख्येपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल असे लिहून ठेवले की, याहून मोठी कधीच सापडायची नाही, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत आणि उपयोग नसलेल्या गोष्टीसाठी कोणी एवढे कष्ट घेणार नाही. परिपूर्ण संख्या म्हणजे स्वतःहून लहान असलेल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या, जशी ६ = १ + २ + ३. आपल्या संख्येला २^३० ने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या मिळते.

प्रोग्रामवाला (चिपळूण)

बाईंनी गणित इतके स्वच्छ मांडले आहे की मला फक्त यादीचा खुलासा करायचा उरतो.

ज्याने तुमची यादी तयार केली, त्याने फोन नंबरचा रकाना ‘पूर्णांक संख्या’ या प्रकारचा ठेवला. नेहमीच्या पूर्णांकाला संगणक ३२ बिटांची जागा देतो. प्रत्येक बिटात ० किंवा १. त्यांतला एक बिट संख्या धन की ऋण हे सांगण्यात जातो, उरतात ३१. त्या एकतीसही घरांत १ मांडला की जी सर्वांत मोठी संख्या तयार होते, ती २^३१ − १. काही डेटाबेस अशा रकान्यात त्याहून मोठी संख्या आली तर तक्रार न करता मर्यादेवरची संख्या लिहून मोकळे होतात. पायलीचे माप शिगोशीग भरल्यावर वरचे तांदूळ खाली सांडावेत आणि मापात पायलीच दिसावी, तसा हा प्रकार आहे.

आपल्याकडचे मोबाईल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणून ते सगळेच या मर्यादेबाहेर. मुंबईचा लँडलाईन ०२२ ने सुरू होतो; पुढचे शून्य गेल्यावर तो २२० कोटींच्या वर जातो, म्हणून तोही बाहेर. पुण्याचा ०२० ने सुरू होतो, शून्य गेल्यावर तो २०० ते २१० कोटींच्या दरम्यान राहतो आणि २१४ कोटींच्या मापात बसतो. तुमच्या तीन पुणेकरांचे रहस्य एवढेच आहे! फोन नंबरची कोणी बेरीज-वजाबाकी करत नाही. तो नेहमी मजकूर म्हणूनच साठवावा, म्हणजे पुढचे शून्यही राहते.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, ही संख्या मूळ आहे म्हणून कोणीही निवडलेली नाही. ८, १६, ३२, ६४ अशा मापांतून ती आपोआप आली. ८ बिटांची मर्यादा १२७, ती मूळ आहे. १६ बिटांची ३२७६७, ती ७ × ३१ × १५१ आहे. ३२ बिटांची आपली. ६४ बिटांची ९२२३३७२०३६८५४७७५८०७, आणि तिला ७ ने भाग जातो. हे भागाकार न करताही कळते: २^३ म्हणजे ८, त्याला ७ ने भागून बाकी १, आणि ६३ हा ३ च्या पटीत असल्यामुळे २^६३ ची बाकीही १ च. म्हणजे चारांपैकी दोन मूळ, दोन संयुक्त.

याच मर्यादेमुळे एक तारीखही ठरून गेली आहे. अनेक जुन्या संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, तीही ग्रिनिचच्या, किती सेकंद गेले एवढेच मोजतात. हा आकडा २१४७४८३६४७ वर पोहोचेल तो क्षण भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. ज्या यंत्रांत तोवर बदल झालेला नसेल, ती पुढच्याच सेकंदाला डिसेंबर १९०१ मध्ये जातील.

मात्र एक ठिकाण असे आहे की जिथे ही संख्या मूळ असल्याचा मुद्दाम उपयोग करून घेतला जातो. संगणकाला ‘यादृच्छिक’ भासणारे आकडे लागतात, खेळांना लागतात आणि नमुना-चाचण्यांनाही. एक जुनी रीत अशी: हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणावे, २१४७४८३६४७ ने भागावे, बाकी घ्यावी, तीच पुढची संख्या. १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. हे आकडे १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी किमान दर्जाचे मानक म्हणून सुचवले होते. भाजक मूळ असल्यामुळे आणि गुणक नीट निवडल्यामुळे, १ पासून निघालेला हा क्रम २१४७४८३६४६ पर्यंतच्या प्रत्येक संख्येला एकदा भेट देऊनच परत १ वर येतो. १६८०७ ऐवजी २ घेतला असता तर ३१ पायऱ्यांतच चक्र संपले असते, जे बाईंनी वर दाखवलेच आहे. या रीतीची मूळ कल्पना लेहमर यांची. आज गंभीर कामासाठी आणि गुप्ततेसाठी तर ही रीत मुळीच वापरू नये, हे जाता जाता सांगतो.

माडाखाली (मालवण)

देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरे काय! तरीही एक शंका आहे. ८, ३२ आणि पुढे १२८ बिटांची मर्यादा पाहिली, तर घातांक ७, ३१ आणि १२७ येतात. हे तिन्ही स्वतः मूळ आहेत आणि माझ्या वाचनाप्रमाणे २^१२७ − १ हीसुद्धा मूळ संख्या आहे. मग घातांक मूळ असला की संख्या मूळ, असा नियमच मानावा काय? तसे असेल तर योगायोग कुठे राहिला?

कलमवाला (देवगड)

माझी मुलगीही नेमके हेच म्हणते.

दोघांचे मनापासून आभार. पुण्याच्या नंबरांचा उलगडा वाचून घरात सगळेच हसले. बाईंच्या यादीत ३११ नंतर मला पुढची मूळ संख्या १३०३ दिसली, मधल्या सगळ्यांचे अवयव पडले. तिच्यासाठी बाईंच्या रीतीने बाकी २२६ आली आणि कॅल्क्युलेटरनेही तीच दाखवली.

निवृत्त बाई (दापोली)

१३०३ ची बाकी बरोबर आहे.

माडाखाली यांनी विचारलेला प्रश्न फार जुना आहे आणि त्यात भलेभले फसले आहेत. घातांक संयुक्त असेल तर संख्या निश्चितपणे संयुक्त असते. ६३ चे उदाहरण वर आलेच आहे. उलट बाजूने मात्र हमी नाही. ११ ही मूळ संख्या, परंतु २^११ − १ म्हणजे २०४७ आणि २०४७ = २३ × ८९. इथेही २३ आणि ८९ या दोन्ही संख्या २२ च्या पटीपेक्षा १ ने मोठ्या आहेत हे पाहावे. २३ आणि २९ या घातांकांनाही संयुक्त संख्याच मिळतात: २^२३ − १ ला ४७ ने भाग जातो, २^२९ − १ ला २३३ ने.

इटलीच्या कातालदीने १५८८ मध्ये १७ आणि १९ हे घातांक तपासून मूळ ठरवले, ते बरोबर होते. पुढे त्याने २३, २९, ३१ आणि ३७ यांनाही मूळ संख्या मिळतात असे म्हटले. त्यांतला फक्त ३१ खरा निघाला. ज्यांच्या नावाने या संख्या आज ओळखल्या जातात त्या मर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली. त्यांनी ६७ आणि २५७ चुकीने घेतले आणि ६१, ८९, १०७ गाळले. ६७ ची चूक लुकास यांनी १८७६ मध्ये दाखवली, पण अवयव त्यांनाही सापडले नव्हते. ते १९०३ मध्ये अमेरिकेतल्या एका सभेत फ्रँक कोल यांनी फळ्यावर मांडले. एका बाजूला २^६७ − १ चा विस्तार, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार. दोन्हींची उत्तरे जुळली आणि ते एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले, असे सांगतात. वर्गात खडू ठेवून असे बसण्याची संधी मला कधी मिळाली नाही.

आता ७, ३१, १२७ या साखळीविषयी. घातांक स्वतःच २^३ − १, २^५ − १, २^७ − १ अशा रूपाचा असल्यामुळे २^३१ − १ ही ‘दुहेरी मर्सेन’ मूळ संख्या ठरते. अशा आजवर चारच सापडल्या आहेत: ७, १२७, आपली ही, आणि २^१२७ − १. त्यांतली शेवटची लुकास यांनी १८७६ मध्ये सिद्ध केली. या क्रमात पुढे ८१९१ येतो, कारण तोही २^१३ − १ आणि मूळ आहे. इथे साखळी तुटते. २^८१९१ − १ ही संख्या संयुक्त असल्याचे १९५३ मध्ये संगणकाने दाखवले. म्हणून माझ्या मते ‘योगायोग’ हा शब्द थोडा मोजून वापरावा. ३१ मूळ नसता तर ही संख्या मूळ असूच शकली नसती, इतका भाग नियमाचा आहे. ३१ मूळ असूनही ती संयुक्त निघू शकली असती, आणि निघाली नाही, एवढाच भाग योगायोगाचा.

चिकूवाडी (डहाणू)

उशिरा लिहितो आहे, पण एक भर घालावीशी वाटते. द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने एकतीस वेळा १. आपल्या दशमान पद्धतीतही १ च्या अशा ओळींना हाच न्याय लागू पडतो. १११ चे अवयव ३ आणि ३७, म्हणजे ओळीची लांबी मूळ असूनही संख्या संयुक्त. ११ मूळ आहे. त्यानंतर थेट एकोणीस वेळा १ मांडल्यावर मूळ संख्या मिळते, मग तेवीस वेळा, आणि मग एकदम ३१७ वेळा. आमच्या डहाणूत १९०५ साली जन्मलेले आणि पुढे देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना १ च्या या ओळींचे फार वेड. १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा १२३४३२१, अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले. लोक त्यांना ६१७४ मुळे ओळखतात, मला ही ओळीने मांडलेली १ ची माळच जास्त आवडते.

ऐंशी भागाकारही करायचे नसतील तर लुकास आणि लेहमर यांची कसोटी आहे. (वर यादृच्छिक आकड्यांच्या संदर्भात आलेले लेहमर ते हेच.) ४ पासून सुरुवात करावी, प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करावे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवावी. घातांकापेक्षा २ ने कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य आले तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. १२७ साठी घातांक ७, म्हणून पाच पायऱ्या: ४ नंतर १४, मग १९४ ची बाकी ६७, मग ४४८७ ची ४२, मग १७६२ ची १११, आणि १११ चा वर्ग उणे २ म्हणजे १२३१९, जो बरोबर १२७ ची ९७ पट आहे. शून्य. आपल्या संख्येसाठी अशा २९ पायऱ्या लागतील.

त्यात भागाकाराचा त्रासही फारसा नाही. दशमान पद्धतीत ९ ची बाकी काढायला आपण आकड्यांची बेरीज करतो. तसेच इथे संख्येचे ३१–३१ बिटांचे तुकडे पाडून त्यांची बेरीज केली की पुरते, कारण २^३१ ची बाकी १ आहे. सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्या बहुतेक मर्सेनच्याच रूपात का सापडतात, त्याचे कारण ही सोपी कसोटी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० आकडी आहे. ती आधी दुसऱ्या एका चाचणीत ‘बहुधा मूळ’ ठरली आणि मग याच कसोटीने पक्की झाली.

कलमवाला (देवगड)

बाईंचे ‘मोजून वापरावा’ हे पटले. मुलीने २०४७ चे अवयव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत.

२९ पायऱ्या करण्याचा विचार होता, पण दुसऱ्याच दिवशी अडलो: पाचव्या पायरीला संख्या कॅल्क्युलेटरच्या बारा आकड्यांत मावेना. बिटांचे तुकडे पाडणे हाताने मला जमणारे नाही. म्हणून ऐंशींच्या यादीकडे परत आलो. १३०३ नंतर १४८९, तिची बाकी १९९. त्यानंतर दोन हजारांच्या घरातल्या सगळ्या गळतात, आणि त्यांत २४८ × ८ + ६३ म्हणजे नेमकी २०४७ च येते, हे पाहून मौज वाटली. पुढची २५४३. उद्या कलमांना खत घालायचे आहे, ती परवा बघतो.

निवृत्त बाई (दापोली)

२०४७ नंतरच्या २२३३ आणि २२९५ याही त्याच घरातल्या आहेत, त्या गळतात हे बरोबर. मात्र २५४३ ही सुद्धा दोन हजारांच्याच घरातली आहे, तेव्हा ‘सगळ्या गळतात’ हे वाक्य दुरुस्त करावे. २५४३ ची बाकी मी काढून ठेवली आहे. आपली आल्यावर पडताळू.